फुप्फुसाची परीक्षा आणि माझा गुडघा

माझा डावा गुडघा सगळ्या केदारखेड्यात प्रसिद्ध आहे. मागच्या साली एक गोगलगाय रस्त्यात माझ्यामागं अडकली. कंटाळून बाजूनं निघून गेली, आणि मी वेशीपाशी पोचलो तेव्हा तिची नातवंडं भेटली. पटत नसेल तर चतुराबाईला विचारा. बायको आहे माझी, खोटं बोलत न्हाई.

तिचं दुखणं निराळं. दंडाला पट्टा बांधला तर प्रेशर बराबर, पण फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्यांत चढलेलं. दोन भाकरी थापल्या की धाप. संभाजीनगरच्या डॉक्टर निवेदिता मॅडम म्हणाल्या, "आजी, आजवरची बरीच औषधं या नळ्या सैल करतात. नळीची जाड झालेली भिंतच पातळ होते का, ते आता नव्या औषधानं बघायचंय. तुम्हाला त्या अभ्यासात घेते. आधी सहा मिनिटं चालून दाखवा. फारच कमी चाललात तर मात्र घेता येणार नाही."

सिस्टर म्हणाली, "चला." मी उठलो. मी पुढं, ती मागं, लग्नापासून चालतो तसं. सिस्टरला वाटलं, म्हातारा आधाराला आहे.

आकडा बघून मॅडमचा चेहरा उतरला. "एवढंच? मग अवघड आहे."

"ऱ्हाऊ द्या," चतुराबाई म्हणाली आणि पिशवी उचलली. "चला हो, गाडी चुकंल."

आवाज अगदी साधा. पण पिशवी तिनं उलटी धरली होती.

मी म्हणालो, "मॅडम, तुमी माझा गुडघा मोजला. ती माझ्यापुढं जात न्हाई. मी थांबलो की तीबी थांबते."

"खरं का, आजी?"

"मंग? ह्यांना मागं टाकून कुठं जाऊ?"

मॅडमनी तिला विसावा दिला आणि मला खुर्चीत बसवलं. चतुराबाई पुन्हा चालली. आधी माझ्याकडं वळून बघत, मंग न बघता. दोनदा भिंतीला टेकली. माझा गुडघा मला घेऊन उठायला निघाला, दोन्ही हातांनी दाबून धरला त्याला.

"बसा, बाबा," मॅडम म्हणाल्या. "जमतंय त्यांना."

घेतलं तिला. तिला टोचायच्या सुईत औषध आहे की नुसतं पाणी, ते मॅडमलाही ठाऊक न्हाई. अशा अभ्यासाची रीतच तशी.

भोकरदनच्या स्टँडवर उतरलो तर बाई पुढं. थोडं जाऊन थांबली.

"धाप लागली का गं?"

"न्हाई. तुमची वाट बघून राह्यले."

पहिल्यांदाच खोटं बोलली. खांदे वर-खाली होताना मला दिसत होते. मंग मी गुडघा धरला, आणि गोगलगायीलाही लाज वाटेल इतक्या हळू तिच्याकडं निघालो.