खंडेनवमीला लिहिलेल्या चार फायली

संशय घ्यायला मालतीबाईंना एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण होतं, आणि तेही एकदोन नव्हे, चांगलं चार फायलींएवढं जाडजूड.

धारवाडशेजारच्या शहरात, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतली त्यांची शाळा. मालतीबाई दहावी 'ब'च्या वर्गशिक्षिका, विषय समाजविज्ञान. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना कन्नड, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान अशा चार विषयांच्या फायली करायच्या होत्या. प्रत्येक फाईल वीस गुणांची. हे गुण थेट दहावीच्या निकालात जातात, त्यामुळे आईबापांचे जीव टांगणीला. गेल्या वर्षी काय झालं होतं, तर अर्ध्या वर्गाने एकाच झेरॉक्सवाल्याकडून तयार फायली आणल्या, आणि बाईंनी त्या सगळ्यांना वीसपैकी अठरा देऊन टाकले. ते उघडकीला आल्यावर मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं होतं, "बाई, तुम्ही वाचता, की नुसत्याच सह्या करता?"

तो प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला होता. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत होत्या.

म्हणूनच नेत्राच्या चार फायली हातात आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. वर्गातल्या वहीत या पोरीचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढत जावं तसं. फायलींमध्ये मात्र एकेक अक्षर टपोरं, एका ओळीत बसलेलं, खाडाखोड नावाला नाही. बाईंनी पानं उलटत उलटत शेवट गाठला. चारही फायलींच्या शेवटी एकच तारीख होती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. चोर सापडल्यावर पोलिसाला होतो तसला आनंद.

ती तारीख खंडेनवमीची होती.

नेत्राचं घर मराठी, जुन्या वळणाचं. असल्या घरात खंडेनवमीला पुस्तकं, वह्या, पेनं सगळी पाटावर बसतात, त्यांना हळदकुंकू लागतं, आणि दसऱ्याला उतरेपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही, लिहायचं तर नाहीच नाही. बाईंनी स्वतः लहानपणी त्या दिवशी पुडीचा कागद वाचला म्हणून आईचा धपाटा खाल्ला होता. आणि ही पोरगी त्याच दिवशी चार विषयांच्या फायली संपवते? पाणी कुठेतरी मुरत होतं.

कुठे, तेही बाईंना लगेच आठवलं. जूनमधल्या पालकसभेला नेत्राचे आजोबा आले होते, विठ्ठलराव. पांढरी टोपी, ताठ कणा. "धारवाडच्या कोर्टात नक्कलनवीस होतो मी. साहेबांनी निकाल द्यायचा, आम्ही त्याची हुबेहूब नक्कल करायची. नातीचा अभ्यास मीच बघतो की," असं ते मोठ्या अभिमानाने म्हणाले होते. बाईंनी नेत्राची डायरी मागवून जूनच्या पानावरची त्यांची सही काढली आणि फायलीशेजारी ठेवली. तसंच टपोरं वळण, तसाच शेवटच्या अक्षराला दिलेला हलका झोका. झालं! बाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला.

"पण आजोबांना नसते का खंडेनवमी?" गणिताचे गुरुराज सर चहा पिता पिता म्हणाले.

"कोर्टातली माणसं ती सर, पळवाट काढायला त्यांना शिकवावं लागतं होय? पोरीची पुस्तकं पाटावर, फाईल मोकळी!"

"पोरीला एकदा नीट विचारा की."

बाईंनी विचारलं, पण नीट नाही. नेत्राला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि फायली तिच्यासमोर आपटल्या.

"कुणी लिहिलंय हे?"

"मीच लिहिलंय, मिस."

"खंडेनवमीला? पुस्तकं पूजेला नव्हती तुमच्याकडे?"

"नव्हती, मिस."

"खोटं बोलू नकोस. आजोबांनी लिहून दिलं ना?"

नेत्रा बाईंकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "आजोबांनी नाही लिहिलं, मिस," ती कशीबशी म्हणाली.

रडू म्हणजे कबुली, हा बाईंचा जुना हिशोब. त्यांनी समाजविज्ञानाची फाईल उघडली, आणि पहिल्या पानावर लाल शाईने या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं : स्वतःचं काम नाही. उरलेल्या तिन्ही शिक्षकांना गुण थांबवायला सांगितलं. नेत्राला बजावलं, "उद्या आजोबांना घेऊन यायचं. शनिवारी गुण वर पाठवायचेत. नाही आले तर चारही विषयांत शून्य."

दुसऱ्या दिवशी नेत्रा एकटीच आली.

"आजोबा कुठायत?"

"ते येणार नाहीत, मिस."

एवढंच बोलून ती खाली मान घालून उभी राहिली. हा तर सरळ उद्धटपणा झाला! म्हातारा तोंड लपवतोय आणि पोरगी त्याला पाठीशी घालतेय, असं बाईंनी ठरवून टाकलं. शाळा सुटल्यावर त्यांनी चारही फायली पिशवीत घातल्या आणि स्वतःच रिक्षा करून नेत्राचं घर असलेली कमरीपेठ गाठली. वाटेत विठ्ठलरावांना काय काय ऐकवायचं याची त्यांनी मनात उजळणीही केली. नक्कल करणं हा तुमचा पेशा असेल, माझ्या वर्गात तो गुन्हा आहे, हे वाक्य त्यांना विशेष आवडलं होतं.

नेत्राची आई, अनिता, पुढच्या खोलीत मशीनवर साडीला फॉल लावत बसली होती. बाईंना बघून ती गडबडीने उठली.

"बर्री अक्कोरु, या की बाई, आत या! नेत्रा, पाणी आण गं."

"पाणी नको. विठ्ठलरावांना बोलवा जरा. त्यांच्याशीच काम आहे माझं."

अनिताचा साडी घडी करणारा हात थांबला. ती बाईंच्या मागच्या भिंतीकडे बघू लागली. बाई वळल्या. भिंतीवर विठ्ठलराव होते. तीच पांढरी टोपी, तोच ताठ कणा, फोटोला चंदनाचा हार. खाली तारीख होती, ऑगस्टमधली.

मालतीबाईंनी ती तारीख दोनदा वाचली.

"झोपेतच गेले," अनिता म्हणाली. "वर्षभर सण नाही की आम्हाला. खंडेनवमीला पाट मांडलाच नाही यंदा. शेजारीपाजारी सगळीकडे पूजा, आमचं घर नुसतं सुनं. ही सकाळी उठली आणि म्हणाली, अव्वा, पुस्तकं मोकळीच आहेत, मी लिहीत बसते. कच्चं लिहून ठेवलेलं सगळं फायलींत उतरवायला बसली, ते दिवे लागेपर्यंत. चारी फायली त्याच दिवशी संपवल्या बघा."

"पण अक्षर..." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"आजोबांनीच लावलेलं वळण ते. वहीत कसंही लिही, फायलीत घाईचं अक्षर चालायचं नाही, म्हणायचे. रोज पानभर गिरवून घ्यायचे. आणि समासाच्या रेघा तेवढ्या त्यांच्या हातच्या आहेत हं. जूनमध्येच चारी फायलींच्या सगळ्या पानांना मारून ठेवल्या होत्या."

बाईंनी पिशवीतून फाईल काढली. एवढ्या बारकाईने तपासलेल्या पानावर समास मात्र त्यांनी पाहिलाच नव्हता. कोर्टाच्या कागदावर असतो तसा दुहेरी, पट्टीने मारलेला, कुठेही न हललेला. त्यांची लाल शाई बरोबर त्या दोन रेघांवरून गेली होती. बाईंनी नकळत अंगठ्याने ती पुसायला बघितली. ती वाळून पक्की झाली होती.

नेत्रा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"तुझे गुण तुला मिळतील, बाळ. चारही विषयांत, अगदी पूर्ण," त्या म्हणाल्या. "पण अगं, काल मी एवढं विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

नेत्राने तांब्या खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक असूनही विचारताय, असं वाटलं मला, मिस," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये रजेचा अर्ज दिला होता की मी. त्यात सगळं लिहिलं होतं. खाली तुमची सही आहे."