काढलेला कठडा

फरश्यांचे गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर ओढून घेताना कठड्याची आडवी नळी मध्ये येत होती. मुकादमाने स्वतःच पाना घेऊन ती सोडवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. माल वर आला. आता नळी बसवायची, तोच खाली काँक्रीटची गाडी हॉर्न मारू लागली. "आलोच," म्हणून तो उतरला.

त्याच मजल्यावर त्याचा मेव्हणा, बहिणीचा नवरा, गिलावा करत होता. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणायचे. "तुला परांची लागतेच कशाला?" ही थट्टा रोजचीच. भिंत सरळ आली का ते बघायला तो नेहमीसारखा मागे मागे सरकला. पाठीला कठडा लागला की थांबायचं, ही त्याची सवय.

कठडा लागलाच नाही.

खालच्या मजल्याच्या सज्ज्यावर अडकला म्हणून जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं.

दवाखान्यात बहिणीने मुकादमाच्या हातात चहा दिला. "दादा, तू होतास म्हणून यांना वेळेवर आणता आलं."

कप हातात तसाच घेऊन तो बाहेर आला. साइटचा इंजिनियर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "त्याने सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता. चूक त्याचीच. तेच सांगायचं."

मुकादमाने मान हलवली. जिन्यापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला.

"साहेब, पट्टा अडकवायला तिथे काही नव्हतंच. आणि कठडा मीच काढला होता."

"हळू बोल. काम जाईल तुझं."

पण बहीण मागेच उभी होती.

"काढलास, आणि परत लावला नाहीस?"

"राहून गेलं गं."

"राहून गेलं," ती म्हणाली. त्याच्या हातातला कप काढून घेऊन ती आत गेली.

मुकादमकी गेली. आता तो त्याच इमारतीवर परांची बांधतो. कडेचा कठडा काढायचा असला की आधी खाली जाळी ताणतो, पट्ट्यांसाठी दोर बांधतो आणि नळी परत बसेपर्यंत तिथून हलत नाही. "किती घोळ घालतोस!" म्हणून बाकीचे वैतागतात. तो ऐकून घेतो.

संध्याकाळी तो बहिणीकडे जातो आणि मेव्हण्याला खांद्याचा आधार देऊन अंगणात चालवतो.

"मीही मागे बघायला हवं होतं," मेव्हणा एकदा म्हणाला.

"नाही. ते माझं काम होतं."

बहीण पाणी आणून ठेवते. 'दादा' मात्र म्हणत नाही.