आपलाच वकील पडावा

मी एक जुने बाकडे आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, भिंतीला लागून माझी जागा होती. बाभळीच्या लाकडापासून गावच्या सुताराने मला घडवले. नवे होते तेव्हा शिपाई मला रोज फडक्याने पुसायचे आणि वकील थाप मारून म्हणायचे, "काम भक्कम आहे हं!" पुढे वकिलांसाठी खुर्च्या आल्या आणि मी पक्षकारांच्या वाट्याला आले. मित्रांनो, पक्षकार म्हणजे ज्यांचा दावा कोर्टात चालू असतो ती माणसे. ती माझ्यावर बसून वाट पाहत.

नव्वदीनंतरची ती वर्षे. कळंबहून तात्याबा आणि त्यांची सून मुक्ताबाई एसटीने येत. घर एकेकाळी मेंढरे राखणारे, आता ऊस लावणारे. मुक्ताबाईंचा नवरा वारला आणि थोरल्या दिराने विहिरीकडचे रान आपलेच म्हणून नांगरून घेतले. ते रान धाकट्याच्या वाटणीचे होते, हे सांगणारे एकटे तात्याबाच उरले होते. त्यांना स्वतःच्या थोरल्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायची होती. ते धोतर सावरून माझ्यावर बसत आणि पुढची तारीख घेऊन परत जात. कारण वकिलांनी काम बंद ठेवले होते. त्यांना कोर्टाची नवी इमारत हवी होती. मागणी काही खोटी नव्हती, छत गळतच होते.

अशात वकील संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक लागली. दादासो वकील म्हणत, इमारत मंजूर होईपर्यंत काम बंद. कौसल्याबाई वकील म्हणत, इमारतीसाठी भांडू, पण काम उद्यापासून सुरू करू. बाकीचे वकील माझ्यासमोर उभे राहून दोघांना तोलत.

"दादासोंचा आवाज पार पुण्यापर्यंत जातो."

"बाई अभ्यासू आहेत, पण माणसं जमवता येत नाहीत त्यांना."

वाट पाहणाऱ्यांविषयी कोणी बोलले नाही.

मुक्ताबाईंचा दावा दादासोंकडेच होता. एकदा मुक्ताबाईंनी सासऱ्यांना हळूच विचारले, "मामंजी, कोण यावं वाटतं तुमास्नी?"

तात्याबांनी आजूबाजूला पाहिले. मग म्हणाले, "बाई येऊ दे. माझं सांगणं तरी हुईल."

"म्हंजी आपलाच वकील पडावा म्हणायचं?"

"व्हय. माणूस वाईट न्हाय गं. पर मला आता दम न्हाय."

दोघांनाही तिथे मत नव्हते.

दादासो निवडून आले. गुलालाने माखलेले ते थेट व्हरांड्यात आले, वाकून तात्याबांच्या पाया पडले आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "तात्या, तुमचाच वकील अध्यक्ष झाला! तोंड गोड करा."

"सायेब, माझी साक्ष कवा?"

"इमारत मंजूर होऊ द्या. पहिली तुमचीच घेतो."

तात्याबांनी मान हलवली. पेढा त्यांनी खाल्ला नाही, सुनेच्या हातात दिला. गाडीची वेळ झाली होती. दोघे निघून गेले.

उन्हाळ्यात इमारत मंजूर झाली. फटाके वाजले, कोर्टाचे काम सुरू झाले. दादासोंनी शब्द पाळला. पहिला पुकारा त्याच दाव्याचा झाला.

"तात्याबा, राहणार कळंब!"

मुक्ताबाई एकट्याच उठल्या. "न्हायती," त्या म्हणाल्या.

"कवा येनार?" शिपायाने विचारले.

"ते गेलं. मागल्या म्हयन्यात."

दादासो दारात उभे होते. पुढे यायला त्यांचे पाऊल उचलले नाही. मुक्ताबाई पुन्हा खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. व्हरांड्यात गर्दी होती, तरी त्यांच्याशेजारी त्या दिवशी कोणी बसले नाही.

दावा साक्षीवाचून चालला. रान थोरल्याकडेच राहिले.

मित्रांनो, आता मी नव्या इमारतीच्या मागे, फुटक्या कौलांशेजारी पडून आहे. माझा एक पाय कुजला आहे. मला दुरुस्त करा, असे मी म्हणत नाही. उद्या तुम्हीही कोणाला तरी निवडून द्याल. उमेदवारांना जरूर पारखा. पण त्याआधी जरा बाहेर जाऊन पाहा. तिथे कोणीतरी बसलेले असेल, ज्याला मत नाही. त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, "तुम्हांला कोण हवं?"