ठकीच्या हिरड्या

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी आईच्या खोलीच्या दारात आडवी झाली ती उठेचना.

पिल्लं होऊ नयेत म्हणून कुत्रीचं करतात ते ऑपरेशन. तारीख आईनेच घेऊन ठेवली होती. त्याआधी आईच गेली, तारीख तेवढी मागे राहिली. लेकीला ती रद्द करवेना. आईने सांगून ठेवलेलं तेवढंच एक काम आता उरलं होतं.

ठकीला घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आज पेंगेल. उद्या मात्र तरतरी यायला हवी. टाके चाटू देऊ नका. सुजले, लाल झाले, पाणी आलं तर लगेच या. आणि मलूल वाटली तरी फोन करा." आईच्या दुखण्यात लेकीने डॉक्टरांचं इतकं ऐकून घेतलं होतं की कानांना घट्टे पडले होते. तिच्या लक्षात राहिले ते फक्त टाके. सकाळपासून ती येता-जाता वाकून ते बघत होती. सुके, स्वच्छ, सरळ रेघेत.

"शोक करतेय बिचारी," पलंगावर बसून आईच्या कपड्यांच्या घड्या घालणारी मावशी म्हणाली. "ताईच्या दारातून हलत नाहीये बघ. मुक्या जिवाला कळतं गं. नाहीतर माणसं! डोळ्यांतून टिपूस नाही."

माणसं म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. लेक ठकीशेजारी फरशीवरच बसली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आपल्याला जमत नाही ते घरात कुणीतरी नेटाने करतंय. आपण नुसतं टेकून बसावं.

तिने उकडलेलं अंडं सोलून ठकीच्या नाकाशी धरलं. एरवी अंड्यावर चमचा वाजला की ही बया मागच्या अंगणातून धावत यायची. आज तिने मानसुद्धा वळवली नाही.

"मी सांगत नव्हते?" मावशी म्हणाली. "अन्न सोडलंय तिने."

लेकीने सवयीने ठकीचा कान मुठीत घेतला. खिडकीतून ऊन आलेलं, फरशी चांगली तापलेली, आणि कान मात्र गार. मग तिला श्वास दिसला. भरभर, वरच्यावर. टाके जसेच्या तसे होते. पण ज्या पोटावर ते होते ते नगाऱ्यासारखं ताणलं होतं. तिने ठकीचा ओठ वर केला. नेहमीच्या गुलाबी हिरड्या धुवून काढल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. तिने अंगठा दाबून उचलला. रंग परतायचं नाव घेईना. दवाखान्यात नर्स आईचं नख असंच दाबून बघायची, आणि मग लगबगीने डॉक्टरांना बोलवायला जायची.

"मावशी, ऊठ. गाडीची किल्ली घे."

"आत्ता? अगं, पडू दे की तिला. दुःख आहे ते, ओसरेल."

"दुःख नाहीये. आत काहीतरी झालंय."

"टाके तर इतके छान आहेत!"

"टाके बाहेर आहेत, मावशी."

फोनवर डॉक्टरीणबाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाल्या, निघा. लेकीने हाताला आली ती आईची शाल ओढली.

"ती नको, जुनी चादर..." मावशी बोलता बोलता थांबली. मग आत्ताच घातलेली घडी तिने स्वतःच मोडली आणि शाल ठकीखाली सरकवली.

दवाखान्याच्या बाकावर दोघी बसून राहिल्या. कितीतरी वेळाने डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"आत बांधलेला एक धागा सुटला होता. पोटात रक्त साठत होतं. पुन्हा बांधलाय, रक्तही चढवलंय. वेळेवर आणलंत. टाक्यांवर विसंबला असतात तर..."

काचेतून ठकी दिसली. शालीबाहेर शेपटीचं टोक होतं. मावशीने काचेवर टकटक केली तसं ते एकदा हललं.

"म्हणजे ताईसाठी झुरत नव्हती ही?"

"झुरतही असेल. आत्ता रक्त जात होतं."

बोलून झाल्यावर लेकीला एकदम फार थकल्यासारखं झालं. दुपारी फरशीवर जी सोबत मिळाली होती, ती सोबत नव्हतीच तर.

मावशी तिच्याकडे बघत होती. मग काही न विचारता तिने लेकीच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली.

"पांढरीफटक. शेवटचं धड कधी जेवलीस?"

लेकीला आठवेना.

"वा! आणि मी बसलेय कुत्रीच्या मागे."

लेकीच्या डोळ्यातून पाणी आलं. "तू ओढलंस म्हणून आलं," ती म्हणाली.

"असेल," मावशी म्हणाली. "दुसरा दाखव."