बागेत हंस नव्हतेच

मी लिहिलेल्या गोष्टीत एकही पक्षी नव्हता. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या मराठी शाळेत मी आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. शाळा रविवारी सकाळी भरते, एका एलिमेंटरी स्कूलच्या भाड्याने घेतलेल्या कॅफेटेरियात. २००६ साली वर्गातल्या अमेयच्या अमेरिकन शाळेत दक्षिण आफ्रिकेवर धडा झाला, आणि त्याने मला विचारलं, "मावशी, अपार्टहाइडला मराठीत काय म्हणतात?" मी फळ्यावर 'वर्णभेद' असं लिहिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. कुणाच्याही चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. नुसता शब्द दिला की असंच होतं. या वयाच्या मुलांना वाचून दाखवता येईल असं मराठीत काही आहे का ते मी शोधलं. मला मिळालं नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

प्रसंग माझ्या मैत्रिणीचा होता. मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे ती माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते. ती डरबनची. तिचे पणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला म्हणून भारतातून तिकडे गेले होते. तिच्या लहानपणी घराजवळ एक बाग होती, आणि फाटकावर पाटी होती: फक्त गोऱ्यांसाठी. एका दुपारी बाग पूर्ण रिकामी होती. हिने पहारेकऱ्याला विचारलं, "झोक्यावर कोण आहे?" तो म्हणाला, "कोणी नाही." ही म्हणाली, "मग?" त्यावर तो म्हणाला, "पाटी वाच." एवढंच. मी ते साध्या वाक्यांत दोन पानांवर लिहिलं आणि वर्गात वाचलं. वाचून झाल्यावर या वेळी मुलं बोलायला लागली.

ते केदारच्या कानावर गेलं. केदार आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. एरवी तो एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि दिवाळीसुद्धा प्रोजेक्टसारखी मॅनेज करतो. दिवाळीच्या कार्यक्रमात या गोष्टीचं नाटुकलं बसवायचं त्याने ठरवलं. मला आनंद झाला. मग रेखाच्या घरी मीटिंग झाली.

"सुनेत्राताई, गोष्ट एकदम टॉप आहे," केदार चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाला. "फक्त एक छोटा चेंज. माणसांऐवजी पक्षी घेऊ."

"का?"

"अहो, सणाचा दिवस. स्टेजवरून गोरे-काळे म्हटलं की ऑकवर्ड होतं. आपले अमेरिकन शेजारीपण येतात. हंसांचं तळं, कावळ्यांना नो एंट्री. मेसेज तोच."

"मेसेज तोच राहत नाही. हंस आणि कावळा या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. हंस पोहतो, कावळा पोहत नाही. कावळ्याला तळ्यात घेतलं नाही तर त्याचं काहीच बिघडत नाही. माणसांच्या अशा वेगळ्या प्रजाती नसतात, तेच तर सांगायचंय. तिथलं सरकार याच्या उलट सांगत होतं. आपण हंस-कावळे आणले की सरकारचीच बाजू मांडतोय."

"लहान मुलं एवढी डीप जात नाहीत हो."

"अगं, तू ना, सगळ्याला सायन्स लावतेस," रेखा चहा आणत म्हणाली. ती माझ्याच वर्गातल्या रुचाची आई. कार्यक्रमांचे कपडे, मेकअप, सगळं तिच्याकडे असतं. "मुलांना प्राणी-पक्षी आवडतात. आणि मागच्या वर्षीच्या नाचाचे पांढरे फ्रॉक माझ्या बेसमेंटमध्ये तसेच पडलेत."

पुढची दहा मिनिटं मी प्रजाती म्हणजे काय ते समजावत होते आणि ते दोघं फ्रॉकांची मापं बोलत होते. शेवटी मी एवढंच मागितलं की फाटकाशी जे बोलणं होतं त्यातला शब्दही बदलायचा नाही. दोघांनी इतकं पटकन "हो, हो" म्हटलं, की त्यांनी ते ऐकलं तरी होतं का, अशी मला शंका आली.

नंतर कामासाठी मला बाहेरगावी जावं लागलं, आणि भूमिकांचं वाटप रेखाने केलं. परत आल्यावर तालमीला गेले तर मुलं दोन रांगांत उभी होती. खिडकीकडे हंस, व्हेंडिंग मशीनकडे कावळे.

द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणं हे माझं रोजचं काम आहे. नळ्या फिकट ते गडद अशा लावल्या, की यंत्राच्या आधी डोळ्यांना कळतं. मला ते दारातूनच कळलं. हंसांच्या टोकाला सलोनी आणि रुचा. कावळ्यांच्या टोकाला स्वानंदी, गळ्यात काळ्या कागदाची चोच अडकवून. स्वानंदी आमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं मराठी बोलते. तिच्या वाट्याला आलेलं वाक्य होतं "काव काव".

मी रेखाला बाजूला घेतलं. "ही निवड कशी केलीस?"

"कशी म्हणजे? ज्याला जे सूट होईल ते."

"सूट कशावरून?"

"अगं, पांढऱ्या फ्रॉकमध्ये रुचा-सलोनी कशा उठून दिसतात. स्वानंदीला पांढरा नाही खुलत. तिची आई लता स्वतःच म्हणते."

"म्हणजे रंगावरून."

"हे बघ, मी रेसिस्ट वगैरे नाही हं. ऑफिसात माझ्या दोन मैत्रिणी ब्लॅक आहेत."

वर्णभेद वाईट असं सांगणाऱ्या नाटकासाठी तिने मुलांची रंगावर वाटणी केली होती. तालमीला आलेल्या सगळ्या आया ती रांग बघत होत्या आणि एकमेकींना भजीची रेसिपी विचारत होत्या.

पुढच्या रविवारी स्वानंदी आली नाही. मी तिच्या आईला, लताला, फोन केला.

"तिला आता रविवारी स्विमिंग लावलंय, ताई," लता म्हणाली. मग हळूच म्हणाली, "नाटकातून तिला सोडा. मी खूप सांगून पाहिलं. म्हटलं, कावळा तर कावळा, कुणीतरी व्हायलाच हवं ना. शाळेतच यायचं नाही म्हणते. घ्या, तुम्हीच बोला."

"आय ॲम नॉट डुइंग इट, मावशी," स्वानंदी म्हणाली.

"बरं. पण का, ते सांगशील?"

"रेखामावशी 'कावळे' म्हणाली ना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिने माझं नाव घेतलंच नव्हतं अजून." मग एकदम म्हणाली, "आणि तुझ्या गोष्टीत तर कावळे नव्हतेच."

"नव्हते."

"मग?"

मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी केदारला आणि रेखाला घरी बोलावलं. चहासुद्धा न टाकता सांगितलं, "पक्षी काढायचे."

"ताई, प्लीज! दिवाळी तोंडावर आली," केदार म्हणाला. "आणि पक्षी काढले तरी प्रश्न तोच. मग गोरी मुलं कोण होणार? तुम्हीच सांगा, कुणाला करायचं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"त्या बागेत भारतीयांना प्रवेश नव्हता. माझी मैत्रीण भारतीय वंशाचीच आहे. आपल्या वर्गातलं एकही मूल त्या फाटकाच्या आत गेलं नसतं."

"पण आपण काळे थोडेच आहोत?" रेखा म्हणाली.

"पाटीवर 'फक्त गोऱ्यांसाठी' होतं."

"अगं, पण सलोनी इतकी गोरी आहे! परवा मॉलमध्ये एक बाई तिला इटालियन समजली."

"सलोनी बाहेर."

"आणि रुचा?"

"रुचासुद्धा."

'वर्णभेद' शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं, ते आता रेखाच्या चेहऱ्यावर आलं.

"हे जरा जास्तच होतंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "जास्तच होतं ते."

केदारने डोकं खाजवलं. "म्हणजे स्टेजवर आत कोणीच नाही?"

"फक्त झोका. पहारेकरी तुम्ही व्हा. जेवणाच्या दाराशी कुपनं तपासता ना, तसंच उभं राहायचं."

तो हसला, आणि त्याने ते मान्य केलं, हे मला सांगायलाच हवं. पालकांना पटवणं मात्र त्याने माझ्यावर टाकलं. आठवडाभर ईमेल येत होत्या. आमच्या मुलाला आधी दोन वाक्यं होती, आता तो नुसता बाहेर उभा का? दिवाळीला एवढं निगेटिव्ह का? शेवटी फाटक उघडून सगळी मुलं आत गेली आणि गाणं झालं तर नाही का चालणार? एका वडिलांनी लिहिलं, आपण टॅक्स भरतो, आपली मुलं बाहेर का दाखवायची? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला घ्यायचे आणि शेवटी एकच पाठवायचे: नाही, गोष्ट तशी नाही.

स्वानंदीला मी फोनवर सांगितलं, फाटकाशी बोलणारी मुलगी तू.

"आणि बाकीचे?"

"सगळे तुझ्यामागे. बाहेर."

"रुचा पण?"

"रुचा पण."

"मी आईला विचारते," ती म्हणाली. हो म्हणाली नाही.

रविवारी ती उशिरा आली, ओल्या केसांनी, खांद्यावर पोहण्याची पिशवी. कुणाशी न बोलता फाटकाशी जाऊन उभी राहिली. वाक्यं तिची पाठ होती. पण ती इतक्या हळू म्हणायची, की शेजारच्या रुचालाही ऐकू जात नसे. "स्वानंदी, मोठ्याने," असं मी प्रत्येक तालमीत म्हटलं. ती मान हलवायची आणि पुन्हा तितक्याच हळू म्हणायची. शेवटच्या तालमीनंतर रेखा मला म्हणाली, "अजूनही रुचाला दे ते काम. हिचं ऐकूच जाणार नाही. परत तिचंच हसं होईल." यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणून मला जास्त राग आला.

कार्यक्रम एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होता. अमेयच्या वडिलांनी पाइप जोडून झोका केला होता. पडदा उघडला तेव्हा उजेड फक्त झोक्यावर होता. केदार ब्लेझर घालून, मंडळाचा बिल्ला लावून फाटकात उभा. मुलं घरच्या साध्या कपड्यांत येऊन फाटकाबाहेर थांबली. प्रेक्षकांना वाटलं, कुणाची तरी एंट्री चुकली. मागून एक काकू स्पष्ट म्हणाल्या, "अरे, आतली मुलं कुठायत?" थोडे लोक हसले.

मी विंगेत स्क्रिप्ट धरून उभी होते. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. स्वानंदी पुढे आली. ती त्या हसण्याच्या दिशेने पाहत होती. आता ही परत फिरणार, असं मला वाटलं.

"झोक्यावर कोण आहे?" तिने विचारलं. पहिल्या काही रांगांपर्यंत पोचलं असेल.

"कोणी नाही," केदार म्हणाला.

"मग?"

हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. माइकची गरज नव्हती. हसणारे थांबले. सगळी मुलं केदारकडे बघत होती.

केदारचं पुढचं वाक्य होतं, "पाटी वाच." त्याने तोंड उघडलं, आणि ते मिटलं. तो बिल्ल्याशी चाळा करू लागला.

स्वानंदी थांबली. तालमीत ती इथे खाली बघायची. आता बघितलं नाही.

"मग?" तिने पुन्हा विचारलं. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

केदारने मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी अगदी विनवत होता. दोनच शब्द होते, आणि माझं बोट त्याच ओळीवर होतं.

मी ते सांगितले नाहीत.