जादा बरगडी

कुकटपल्लीच्या डॉक्टरांनी निशिगंधाला हात वर धरून मुठींची उघडझाप करायला सांगितलं. तीन मिनिटं करायची होती, पण मिनिटभरातच तिचा उजवा हात पांढराफटक पडून खाली आला. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला.

"मानेजवळ जादा बरगडी आहे. ती हाताच्या नसा दाबते. हात वर करायचं काम असतं का?"

तिचे वडील हणमंतराव, निवृत्त कवायत मास्तर, हळूच म्हणाले, "दोन वर्षं मीच रोज पंचवीस सूर्यनमस्कार घालायला लावले. दुखतंय म्हणाली, की आळशी म्हणायचो."

"ऑपरेशननं दुखणं थांबेल. अंगठ्याखालचं वाळलेलं मांस मात्र बहुधा भरणार नाही."

"जाऊ द्या बाबा," निशिगंधा म्हणाली. "तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"तू रोज सांगत होतीस की गं."