जानोशातली बादली

सुकन्याला कोन सांगतंय? सकाळपासून महानंदाच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता.

लगीन अमृतरावाच्या पोरीचं, उदगीरच्या मंगल कार्यालयात. अक्षता पडायच्या आधी रुखवत मांडायचं आन् त्याच्याम्होरं बसून गाण्यातून नवरदेवाकडच्यांची खेचायची, हे तीस वर्षांपासून महानंदाचं काम. सतरंजीवर मधोमध तीच बसायची. पन मागच्या लग्नात ह्या सुकन्यानं, नववीतून शाळा सोडून घरी बसलेल्या पोरीनं, मधीच तोंड घातलं:

"रुखवतात ठेवला पांढरा टॉवेल,
व्याहीबुवाच्या मिशीनं काळा होऊन जाईल!"

हसून हसून बायांच्या डोळ्यात पानी. व्याहीबुवानं खरंच सकाळी मिशी रंगवली होती. आता ते लोक भोकरचे, ही जळकोटकडची. हिला कळलं कसं? सगळ्या म्हणल्या, "देवाचं देणं हाय पोरीला." आन् अमृतरावाची बायको उज्वला तर आज तोंडावर म्हणली, "महानंदाआक्का, सुकन्याला मधी बसू द्या. तुमचं तेच ते झालंय आता."

तेच ते! महानंदाला मिरची झोंबली. देणं-बिणं काही न्हाई, पोरगी तिकडच्या कोनाशी तरी फोनवर गुलुगुलु बोलायलीय. आज धरायचीच. भर मांडवात उघडी पाडायची, मग बघू मधी कोन बसतंय.

नाष्ट्याच्या येळेला सुकन्या गायब. महानंदा गुडघे धरत कार्यालयाच्या मागं गेली. तिथं जानोसा होता, नवरदेवाकडच्या बायांची उतरायची खोली. दार अर्धं उघडं. आत सुकन्याची पिवळी ओढणी. हातात बादली.

"मावशी, गरम पानी आनलंय. येणी घालून देऊ का?"

"घाल बाई," खुर्चीत बसलेली विहीण म्हणली. "कार्यालयातली का गं तू?"

"हाव."

"मग येताना जिलबी आन की दोन. शुगर हाय म्हून सून बघू बी देत न्हाई. मघाशी आचाऱ्याच्या टेम्पोत चढून चार खाल्ल्या, तोंड पुसून उतरले."

"हाव मावशी," सुकन्या म्हणली. बोटं येणी घालत होती, कान टवकारलेले.

महानंदा दारातच थांबली. ना फोन, ना कोनी फितूर. एक हाक मारायची, "अगं सुकन्या, तू नवरीकडची ना?" की खेळ खलास. तिनं तोंड उघडलं बी.

पन नजर बादलीवर गेली आन् तिची सोताची घागर आठवली तिला. अशाच जानोशात ती बी पानी घेऊन जायची, पाय चेपायची, ऐकायची. आन् बाहेर येऊन सांगायची, "माझ्या अंगातच हाय." गुडघे गेले, जानोसा सुटला, तवापासून गाणे शिळे.

ती गपचूप माघारी आली.

रुखवत मांडलं. सुकन्या मधी बसली, महानंदा शेजारी, तोंड फुगवून.

"रुखवतात मांडली जिलबीची परात,
शुगरवाली विहीणबाई खाती टेम्पोच्या दारात!"

मांडव दणाणला. सून सासूकडं वळली, "काय वो आत्या?" विहीण लाललाल. मग तिचे डोळे बारीक झाले. पिवळ्या ओढणीवर थांबले.

"ए पोरी, तुला कोन सांगितलं गं? मघाशी पानी..."

सुकन्याचं तोंड उतरलं. तिनं महानंदाकडं बघितलं.

महानंदानं आपल्या खांद्यावरची शाल काढली, पोरीच्या अंगावर टाकली आन् मोठ्यानं म्हणली, "तिला कोन सांगतंय वो विहीणबाई! अंगातच हाय पोरीच्या. बसा, अजून लई बाकी हाय."

आन् टाळी देऊन जुनंच गाणं धरलं, अशा आवाजात की विहिणीचं पुढचं कोनाला ऐकूच आलं न्हाई.

टाळ्यांच्या गलक्यात ती सुकन्याच्या कानाला लागली.

"येडी का काय गं? ज्या ओढणीवर जानोशात जायचं, त्याच ओढणीवर गायला बसतेत का? मी लुगडं बदलायची."